हाडांची इर्जिक

आमच्या हाडांच्या डॉक्टरांना चांगली बातमी देता यायची नाही. वाईट मात्र ते पाठ केल्यासारखं घडाघडा सांगत. दुसरे डॉक्टर पाठीवर हात ठेवून म्हणत, काळजी करू नका, सगळं ठीक होईल. हे स्टूल ओढून खाटेजवळ बसत, पेशंटबरोबर आलेली झाडून सगळी माणसं गोळा करत, बाहेर कडुलिंबाखाली विडी ओढत बसलेल्या मामालासुद्धा आत बोलावून घेत आणि मग काय काय बिघडू शकतं ते सांगायला लागत. हाड जुळणार नाही. जुळलं तर वाकडं जुळेल. पू होईल. पाय आखूड होईल. जोडलेलं हाड पुन्हा त्याच जागी मोडेल. एवढं ऐकेपर्यंत निम्मे लोक मनातल्या मनात गाठोडं बांधून हाडवैद्याच्या वाटेला लागलेले असत. 'फायद्याचं सांगायचं राहूनच जातं हो,' असं ते मागाहून सिस्टरना म्हणत, आणि पुढच्या पेशंटला पुन्हा तसंच सांगत.

नगरच्या त्या दवाखान्यात मी दुष्काळाच्या वर्षांत बरेच महिने पडून होते. आमचं गाव कोपरगावच्या बाजूचं, उसाचं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, अध्यापिका विद्यालयात नाव लागलं होतं, आणि त्याच हंगामात उसानं भरलेल्या बैलगाडीचं चाक माझ्या उजव्या नडगीवरून गेलं. हाडवैद्यानं लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या. जखम भरली, सूज उतरली, वर्ष गेलं, पण हाड काही जुळलं नाही. पाय उचलला की नडगी मधेच वाकायची, गुडघ्याखाली आणखी एक गुडघा फुटल्यासारखी. एका मोठ्या डॉक्टरांनी पाय कापायचा सल्ला दिला. नाना, म्हणजे माझे वडील, त्या दिवसापासून माझ्या तोंडाकडे बघून बोलेनासे झाले. आईनं मात्र कुणाकडून तरी या नगरच्या डॉक्टरांचं ऐकलं आणि मला एस.टी.त आडवं घालून माळीवाड्याच्या स्टँडवर आणलं, तिथून टांग्यानं दवाखान्यात.

डॉक्टरांनी पाय हातात घेतला, एक्स-रेचा फोटो उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाले की कापायचं मागाहून बघू, आधी एकदा जोडून बघतो. मग स्टूल ओढलं. आमच्या बाजूनं ऐकायला आई एकटीच होती. तिनं पदर तोंडाला लावून सगळं वाईट शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ऑपरेशन फसलं तर दुसरी संधी बहुतेक मिळणार नाही, मग पाय काढावाच लागेल, हेही ऐकलं. ते थांबल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आन समदं नीट झालं तर काय व्हईल?"

डॉक्टर गोंधळले. त्यांना हे कुणी विचारतच नसे. "नीट झालं तर... म्हणजे... चालेल ना ती," असं म्हणून ते उठून गेले. आई माझ्याकडे वळून म्हणाली की माणूस खरा दिसतोय, आपण इथंच राहायचं.

दिसायला ते उंच, खांद्यात वाकलेले. पांढऱ्या सदऱ्यावर आणि भुवयांवर प्लॅस्टरची भुकटी कायम बसलेली. त्यामुळे पन्नाशीतच ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे. दुपारी सगळा वॉर्ड उन्हानं पेंगायला लागला की त्यांची एक फेरी असे. पंखा मंद फिरायचा, खिडकीतून कडुलिंबाची सावली भिंतीवर हलायची, आणि त्या गुंगीत कुठून तरी टक टक असा आवाज यायचा. डॉक्टर एकेका पेशंटच्या प्लॅस्टरवर बोटाच्या पेरानं वाजवून बघत. बाजारात माठ घेताना बायका वाजवून बघतात तसं. आवाज आवडला तर पुढं जात, नाही आवडला तर तिथंच मान कलती करून उभे राहत. त्या आवाजातून त्यांना खरंच काही कळायचं की नुसता चाळा होता, कोण जाणे. मला मात्र तो आवाज आला की गाढ झोप लागायची. आजही दुपारी शेजारी कुणी सुतारकाम काढलं की माझे डोळे मिटायला लागतात.

दुसरी सवय म्हणजे प्लॅस्टरवर चित्रं काढायची. आतलं हाड कसं मोडलंय ते घरच्यांना दिसावं म्हणून ते कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून वरच्या बाजूला हाड काढून ठेवत. जिभेवर जांभळा डाग पडलेला असे. चित्रकला यथातथाच. माझ्या प्लॅस्टरवर त्यांनी नडगी काढली ती आईला उसाचं कांडं वाटली आणि तिनं तसं म्हणूनही दाखवलं. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी मोडीच्या जागेवर गाठ काढून दाखवली आणि म्हणाले, बरोबर, हे पेर तेवढं धरायचं आहे. मला ते 'मास्तरीणबाई' म्हणत. विद्यालयातलं माझं नाव केव्हाच कमी झालं होतं, ते त्यांना ठाऊक होतं, तरी म्हणत.

ऑपरेशनला दवाखान्यातले बाकीचे लोक हाडाचं कलम म्हणत. कमरेच्या हाडाची जी कड हाताला लागते, तिथून थोडं हाड खरवडून काढायचं आणि ते बारीक तुकडे मोडलेल्या जागी भरून वर प्लॅस्टर घालायचं. आपल्याच शरीराचं असल्यानं ते परकं वाटत नाही, तिथं रुजतं आणि दोन्ही टोकं धरून ठेवतं. डॉक्टरांनी हे सगळं नीट सांगितलं, पण आईच्या चेहऱ्यावर काही उमटेना. चांगलं हाड काढून वाईट हाडात घालायचं हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. मग ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडे इर्जिक घालतात की नाही?"

आईचा चेहरा फुलला. इर्जिक तिच्या अंगवळणी पडलेली. एखाद्याची नांगरट मागं पडली की भावकीतले, शेजारचे आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरतात, दिवसभर राबून त्याचं काम उरकून देतात, कुणी मजुरी मागत नाही. संध्याकाळी घरधनी सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण घालतो. डॉक्टर म्हणाले की नडगीचं रान पडीक राहिलंय, तिच्यात एकटीनं नांगरायचा जोर नाही, म्हणून कमरेच्या हाडाला बैल घेऊन बोलवायचं. मग ते इर्जिकीच्या गोष्टीतच रमले. त्यांचे वडील पाथर्डीच्या बाजूला एका खेड्यात मास्तर होते, स्वतःची जमीन टीचभरही नव्हती. पण गावात कुणाकडे इर्जिक असली की मास्तरांच्या पोराला पंगतीत मानाची जागा असे. पोळीवर तूप कसं वाढायचे, बांधावर सावलीत पत्रावळी कशा मांडायचे, हे सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला. "जेवण चुकलं की इर्जिक बिघडली म्हणून समजा," ते म्हणाले आणि हसले. पुढं बऱ्याच पेशंटना ते हीच गोष्ट सांगत, आणि वॉर्डात त्यांचं नाव इर्जिकवाले डॉक्टर असं पडलं. पळून जाणारे लोक त्यामुळे जरा कमी झाले.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी माझा हात धरून माझ्याच कमरेवर ठेवला. म्हणाले, "मास्तरीणबाई, हिला सांगून ठेव. न सांगता बोलावणं बरं नव्हे." मी मनातल्या मनात सांगितलं. नाकावर जाळी आली, गोडसर उग्र वासाचं औषध थेंब थेंब पडायला लागलं आणि मी खाली खाली जायला लागले. जाताना मला आमच्या मळ्याच्या वरच्या अंगानं बैल उतरताना दिसले. पांढरे, एकामागे एक, घुंगरांचा आवाज न करता ओढा ओलांडून येत होते आणि त्यांच्यामागे जांभळ्या जिभेचा एक उंच माणूस अनवाणी चालत होता. रान कोरडं ठणठणीत होतं. तरी नांगराचा फाळ टेकला की माती ओली निघत होती. ते स्वप्न मी नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं, प्रत्येक वेळी बैल थोडे वेगळे असतात, ओली माती तीच असते.

शुद्धीवर आले तेव्हा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता आणि दुखत होती ती कंबर. असं दुखणं की पायाला काही झालंय हे विसरायला व्हावं. डॉक्टरांनी हेही आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मी ओरडले तर ते समाधानानं मान हलवत, जणू मी त्यांचा शब्द खरा केला. कमरेची पट्टी काही दिवस कुणी हलवायची नाही असा त्यांचा नियम होता. टाके झाकलेले बरे, म्हणत. सुरुवातीचे दिवस चांगले गेले. मग मला ताप भरायला लागला.

तो तापही मला आज धुक्यातून आठवतो. छताचे वासे जवळ यायचे, लांब जायचे. आई कपाळावर ओलं फडकं ठेवायची, पण दुष्काळात पाणी टँकरनं यायचं, तेही मोजकं, म्हणून एकच फडकं पुन्हा पुन्हा उलटं करून. शेवटी डॉक्टरांनी पट्टी उघडायला सांगितली. सिस्टरनं कापूस उचलला आणि ती मागं सरकली. डॉक्टर खाली वाकले. त्यांनी वास घेतला, बोटानं कडेला चाचपून पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "हे तूप कुणाचं?"

"घरचंच हाय," आई म्हणाली. "गाईचं. हळद घालून लावलं."

तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, थोडा अभिमानच होता. रोज दिवेलागणीला सिस्टर चहाला गेली की ती पट्टीची कड उचलून बोटभर तूप आत लावत होती. नाना गावाहून आले तेव्हा तिनं मुद्दाम लोणकढं मागवून घेतलं होतं. डॉक्टर तिच्याकडे नुसतं बघत राहिले, तेव्हा तिला वाटलं त्यांना कळलं नाही. म्हणून तिनं समजावून सांगितलं. "इर्जिकीला आलेल्याला उपाशी कसं ठिवायचं, सायेब? पायाला तर तुमी पलास्तर घातलं, तिथं हात पोचना. म्हनून ज्याच्या घरचं बैल आलं त्यालाच वाढलं. तुमीच म्हनला व्हता, जेवन चुकलं की इर्जिक बिघडली."

मला वाटलं आता डॉक्टर तिच्यावर कडाडणार. दवाखान्यात बायाबापड्यांवर कडाडायची पद्धतच होती, त्यात नवल वाटायचं नाही. पण ते स्टुलावर बसले. टेकल्यासारखे बसले. भुकटीनं पांढऱ्या झालेल्या भुवया वर गेल्या नि तिथंच राहिल्या. "बाई," ते म्हणाले, "चूक तुमची नाही. मी आपला पंगतीला जाऊन जेवून यायचो. वाढणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला कधी कळलंच नाही. मी अर्धीच गोष्ट सांगितली तुम्हाला."

त्यानंतर त्यांना पुढचं वाईट सांगायचं होतं, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा वाईट सांगताना अडखळले. कमरेत पू झाला आहे. तो पू रक्तातून पायाकडे उतरला, तर तिथं घातलेलं नवं हाड कुजेल, ते काढून टाकावं लागेल, आणि मग पाय ठेवता येणार नाही. त्यांनी वाक्य दोनदा सुरू करून सोडून दिलं. आईला मात्र पहिल्यांदाच सगळं कळलं. ती उठली आणि बाहेर जाऊन कडुलिंबाखाली बसली.

मला पुन्हा आत नेलं, कमरेची जखम उघडली, धुतली आणि ती तशीच उघडी ठेवून, रोज साफ करून आतून भरू द्यायची असं ठरलं. सकाळसंध्याकाळ पेनिसिलिनची इंजेक्शनं. पण त्या सगळ्यापेक्षा मला आईचं वागणं सोसेना. ती वॉर्डात येईना. आली तरी दारात उभी राहायची, मला हात लावायची नाही. पाणीसुद्धा सिस्टरकडून द्यायला लावायची. हातात विष असल्यासारखी हात पदरात गुंडाळून घ्यायची. मी खाटेवरून हाका मारायची, ती मान हलवायची. पाय जाईल तर जाऊ दे, पण आईनं जवळ यावं, असं मला त्या दिवसांत खरंच वाटत होतं. एवढी एकटी मी त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

डॉक्टरांनी हे कधी पाहिलं कोण जाणे. एका सकाळी ड्रेसिंगच्या वेळी ते स्वतः तिला दारातून घेऊन आले. हात पुढं करा म्हणाले. पाण्याची इतकी ओढ की ऑपरेशनसाठीही पाणी जपून वापरायचे, पण त्यांनी तांब्या स्वतःच्या हातात घेतला आणि तिच्या हातांवर पाणी घालायला लागले. साबण कसा लावायचा, नखांच्या खाली कसा, बोटांच्या बेचक्यांतून कसा, मग हात वर धरून कसे निथळू द्यायचे, सगळं सावकाश दाखवलं. शेतात राबून भेगाळलेले ते हात त्यांनी धुऊन घेतले आणि त्यांत औषधाच्या कापसाचं भांडं दिलं. "तुम्ही धरा," म्हणाले. "माझ्या सिस्टरला दुसरीकडे पुष्कळ काम आहे." सिस्टर तिथंच उभी होती. आईनं भांडं धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र दगडासारखे स्थिर होते. त्या दिवसापासून रोजचं भांडं तिच्याकडेच आलं.

ताप हळूहळू उतरला. पाय मात्र प्लॅस्टरमध्ये बंद, आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. डॉक्टर दुपारी येऊन टक टक करत आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहत. या सगळ्यात त्यांनी एक गोष्ट सोडली. इर्जिकीचं नाव काढणं बंद केलं. पेशंटना आता ते नुसतं कोरडं सांगत: हाड काढणार, हाड घालणार, हे बिघडेल, ते बिघडेल. वॉर्डातली गंमतच गेली. मला वाटतं, त्यांनाही ते बोलताना कंटाळा येत असावा, पण एकदा पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं.

जामखेडकडचा एक गडी तेव्हा आमच्या समोरच्या वॉर्डात आला होता. दुष्काळी कामावर खडी फोडताना दगड पायावर येऊन त्याची नडगी मोडली होती आणि माझ्यासारखीच जुळायची राहिली होती. डॉक्टरांनी कोरडं सांगितलं. त्याची बायको ऐकता ऐकता घोंगडीची घडी घालायला लागली. व्हरांड्यातून जाताना आईनं ते पाहिलं. ती तिच्याजवळ जाऊन बसली नि म्हणाली, "बाई, तुमच्यात इर्जिक घालत्यात का?" मग तिनं सगळी गोष्ट सांगितली, पडीक रान, बैल, कमरेचं हाड, सगळं डॉक्टरांपेक्षा झकास. मी माझ्या खाटेवरून ऐकत होते. डॉक्टर परत जाता जाता दारात थांबले होते. आई गोष्टीतल्या जेवणापाशी आली आणि थबकली. तेव्हा ते म्हणाले, "बाई, पुढचं पण सांगा."

आईनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग त्या बाईला म्हणाली, "जेवन घालायचं न्हाई. आलेले पावने उपाशीच ऱ्हातेत, हात जोडून त्येंची माफी मागायची. जखमंला कायबी लावायचं न्हाई, तूप तर न्हाईच न्हाई. मी लावलं व्हतं. माझी लेक तिकडं पडलीया, तिला इचार." तो गडी ऑपरेशनला राहिला. तेव्हापासून वाईट सांगायचं काम डॉक्टरांचं आणि इर्जिकीचं आईचं, अशी वाटणीच झाली. आम्ही दवाखाना सोडेपर्यंत ती चालू होती.

मग एकदा माझ्या पायाचा फोटो काढला. डॉक्टर तो घेऊन खिडकीपाशी गेले, आम्हाला पाठ करून उभे राहिले. वळले तेव्हा त्यांना बोलता येईना. "म्हणजे, दिसतंय असं... थोडं धुरकट... पण धुरकट असणं चांगलंच... बघू," असं काहीबाही म्हणाले. सिस्टर हसायला लागली. तिला त्यांची बोली कळत होती. आईनं मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, बहुतेक हाड धरलंय.

प्लॅस्टर कापलं त्या दिवशी आतला पाय पाहून मला रडू आलं. काडीसारखा, कोंडा आलेला, माझा वाटेना. अंगठ्याएवढा आखूडही भरला. डॉक्टरांनी मोडीच्या जागी दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिलं. नडगी वाकली नाही. मला उभं केलं. आई एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. मी पाय टेकला. दगडी फरशी पहाटेच्या ओलीसारखी गार लागली. इतक्या महिन्यांनी तळपायाला जमीन लागली, की आपण तरंगत होतो हे तेव्हा कळतं. मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि दोघांनी केव्हा हात सोडले ते मला समजलंच नाही.

मी पुढच्या वर्षी विद्यालयात पुन्हा नाव घातलं, शिक्षिका झाले. शाळा वस्तीपासून लांब, वाट ओढ्यातून. चालतच जायची. पाय तेवढा आखूड राहिला, हाड काढलेली कंबर थंडीत ठणकते, तिच्याखाली मांडीवर तळहाताएवढी जागा बधिर राहिली आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या वाइटातलं शेवटी एवढंच उरलं. दिवाळीला मी आणि आई त्यांना भेटायला जायचो. पुढं आई गेली, मग मी एकटी जायला लागले. ते निवृत्त होऊन सावेडीकडच्या लहानशा घरात राहायला गेले होते. एकदा गेले तर त्यांच्या पत्नीनं दारातच हळू आवाजात सांगितलं की आता त्यांना दिसत नाही. माणसं आवाजानं ओळखतात, तीही कधी कधी.

ते व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसले होते. दुपारची वेळ, उन्हं कलायला आलेली. भुवया आता खरोखरच पांढऱ्या होत्या. मी पाया पडले, नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांना उमजलं नाही. कोपरगावची नडगी, म्हटलं. तरी नाही. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं माझा पाय राखला, त्याच्यासमोर मी त्याच पायावर उभी होते आणि त्याला ते दिसतही नव्हतं, आठवतही नव्हतं. काय करावं सुचेना. मग मी चपला काढल्या आणि त्यांना म्हटलं, "चालून दाखवू?"

त्यांनी मान हलवली. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. अनवाणी, जरा ठासून पावलं टाकत. त्यांनी मान कलती केली. मी पुन्हा गेले, पुन्हा आले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं.

"उजवं जरा जड पडतंय," ते म्हणाले. मग अडखळत, "पण... पडतंय ना."

"पडतंय, डॉक्टरसाहेब," मी म्हटलं.

त्यांनी आणखी चाल अशी हातानं खूण केली आणि डोळे मिटून घेतले. मी चालत राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी दारात आल्या, झोप लागली त्यांना, असं खुणेनं म्हणाल्या. मी त्यांना हात जोडले, पण थांबले नाही. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत मी त्या व्हरांड्यात येरझारा घालत होते.